चौथ्या पेपरचं पुस्तक

पुस्तकांच्या दुकानात माणसं निवांत येतात, चाळतात, गप्पा मारतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी तलाठी भरतीची जाहिरात निघाल्यावर पेणला माझ्या दुकानात अर्धा दिवस उभं राहायला हवं होतं. माझ्याकडे कथा-कादंबऱ्या नव्हत्याच. जूनमध्ये शाळेची पुस्तकं, आणि बाकी वर्षभर परीक्षांची. पोलीस भरती, रेल्वे, बँक, नर्सिंग. गिऱ्हाईक दारातून आत यायचं तेच घाबरलेलं. खरं तर त्याला पुस्तक नको असायचं, "होईल हो तुमचं" असं म्हणणारं कुणीतरी हवं असायचं. पण ते काही कपाटात ठेवून विकता येत नाही, म्हणून मी गाइडं विकली.

दुकान माझ्या यजमानांनी सुरू केलेलं. ते गेले तेव्हा नातेवाइकांनी एकमुखाने सल्ला दिला, "वहिनी, गाळा भाड्याने द्या आणि घरी आरामात बसा." आराम माझ्या स्वभावात नाही आणि सल्ला ऐकणं त्याहून नाही. पेणला एसटी स्टँडजवळचं दुकान मी चालवलंच, शिवाय आठवड्यातून दोन दिवस रोह्याला एका ओळखीच्या स्टेशनरीवाल्याकडे अर्धं काउंटर घेतलं. सकाळच्या गाडीने दोन पिशव्या घेऊन जायचं आणि संध्याकाळी एक पिशवी घेऊन यायचं. आता दुकान भाच्याकडे आहे. तो मोबाइलवर ऑर्डर घेतो आणि कुरिअरने पाठवतो, गिऱ्हाइकाचं तोंडही बघत नाही. धंदा माझ्यापेक्षा जास्त करतो, हे कबूल करायला हवं.

मी मात्र तोंड बघितल्याशिवाय पुस्तक दिलं नाही. परीक्षेचं पुस्तक निवडायचं म्हणजे मुख्यतः पुस्तकं वगळायची असतात. एकेका विषयावर बाजारात ढीग पडलेला असतो, आणि घाबरलेला माणूस ढीगच उचलतो. त्यातही गंमत अशी की, तो आवडत्या विषयाचीच पुस्तकं उचलतो. गणिताने ज्याला घाम फुटतो तो पोरगा इतिहासाची तीन गाइडं घेऊन खुशीत घरी जातो. इतिहास वाचताना त्याला आपण अभ्यास करतोय असं वाटतं, आणि नापास तो गणितातच होतो. म्हणून माझा एक शिरस्ता होता. कुणी पुस्तक मागितलं की मी मधलंच एखादं पान उघडून द्यायचे आणि म्हणायचे, "हे मला समजावून सांग." मला समजायलाच पाहिजे असं काही नव्हतं. त्याचा आवाज कुठे अडखळतो तेवढं मी ऐकायचे. जिथे अडखळेल त्या विषयाचं एक पुस्तक द्यायचं, बाकीची परत कपाटात. काउंटरवर पोरं लाजायची, मागे रांगेतले वैतागायचे, पण काकूंचा नियम म्हणजे नियम.

नियमाला न जुमानणारेही भेटले. खाडीकाठच्या खारपट्टीतल्या एका गावचे बाबा मुलीसाठी नर्सिंगचं पुस्तक घ्यायला आले आणि दोन पुस्तकं दोन हातांत तोलून म्हणाले, "ही जड हाय, ही द्या. पोरीला परत परत यायला नको." डोलवीला कंपनीत कंत्राटावर असलेला एकजण दर वर्षी तेच गाइड नव्याने घ्यायचा. आमच्या धंद्यात नवी आवृत्ती म्हणजे बहुतेक वेळा नवं कव्हर आणि शेवटी जोडलेल्या चालू घडामोडी. मी न राहवून त्याला तसं दाखवलं, तर तो म्हणाला, "माहिताय काकू. पण जुनं उघडलं की मागच्या टायमाचं नापास होणं आठवतं." मी त्याला गाइड दिलं आणि पिशवी फुकट दिली.

पण ज्या गिऱ्हाइकामुळे माझा जीव खरोखर टांगणीला लागला, ते रोह्याचं. रुबीना तिचं नाव.

श्रावणातली दुपार होती. रोह्याच्या काउंटरवर मी एकटीच होते. एक मुलगी आणि तिचे वडील आत आले. मुलगी तिशीच्या आतली, हातात लॅपटॉपची बॅग. वडील उंच, दाढी पांढरी, आल्या आल्या त्यांनी कपाटावर अशी नजर फिरवली की सगळं कपाटच मोजून घेणार.

"ताई, आमच्या पोरीला परीक्षेची बुकं पायजेत," ते म्हणाले. "तुम्ही सांगाल तेवढी घेतो. कमी पडता कामा नये."

"कसली परीक्षा?"

"लँडस्केप आर्किटेक्टची," रुबीना म्हणाली, आणि माझा चेहरा बघून लगेच पुढे म्हणाली, "माळीकाम नाही काकू. सगळं रोहा मला तेच विचारतं."

मला रागच आला, कारण मी तेच विचारणार होते. मग तिने समजावलं. इमारत आर्किटेक्ट बांधतो, आणि इमारतीच्या भोवतीची सगळी जमीन यांची. वाटा, पायऱ्या, उतार, पावसाचं पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार, आणि मग झाडं. रुबीना हे सगळं पुण्याला शिकली होती आणि आखाती देशात एका मोठ्या ऑफिसात नोकरीला होती. तिथे नकाशावर स्वतःची सही करायची तर तिसऱ्याच एका देशाचा परवाना लागतो, आणि त्याची परीक्षा चार पेपरांची. तीन पेपर ती पहिल्या फटक्यात पास झाली होती. चौथा, जमिनीच्या उताराचा आणि पाण्याच्या निचऱ्याचा, दोनदा गेला होता.

"या वेळी गेला तर?" मी विचारलं.

"ऑफिसने सांगितलंय. परवाना असेल तर कायम, नसेल तर माझ्या जागेवर दुसरा माणूस." ती हे अगदी सरळ आवाजात म्हणाली. "अम्मीचं ऑपरेशन होतं म्हणून रजा मिळाली. रजा संपायच्या आत परीक्षा आहे. पास झाले तर तिकीट काढायचं. नाहीतर माझं सामान तिथली मैत्रीण पाठवून देईल."

वडिलांचं नाव युसूफभाई. वरसे गावात त्यांचं घर. तरुणपणी रोह्यात सुतारकाम करायचे, मग आखातात गेले आणि तिथेच केस पिकवून परत आले. मुलगी शाळेत असताना ते दोन वर्षांतून एकदा घरी यायचे. ते कायमचे परतले तेव्हा ती पुण्याला गेलेली, आणि शिकून झाल्यावर ती तिकडे, जिथून ते आले होते. ते हे सगळं हसत सांगत होते. मीही हसले, कारण सांगण्याची तऱ्हाच तशी होती.

रुबीनाने लॅपटॉप उघडला. इंटरनेटवरच्या कुणाकुणाच्या शिफारशींवरून तिने पुस्तकांचा डोंगर जमवला होता. झाडांची, बागांच्या इतिहासाची, दगडी फरसबंदीची, कंत्राटांच्या कायद्याची. त्यातली कुठली छापील घ्यायची हे तिला ठरवायचं होतं. मी तिला झाडांच्या पुस्तकातलं पान समजावायला सांगितलं. ती इतकं सुंदर बोलली की स्टेशनरीवालासुद्धा पेनं लावायची सोडून ऐकत राहिला. मग मी म्हटलं, आता उताराचं काढ. तिने पान काढलं, एक वाक्य बोलली, आणि म्हणाली, "हे मला येतं काकू. फक्त उत्तर थोडंसं चुकतं. बहुतेक उत्तरसूचीतच चुका आहेत."

आवाज अडखळला नव्हता, पण घाईत आला होता. मी म्हटलं, "रुबीना, यातलं एकही पुस्तक घ्यायचं नाही. फक्त उतारांच्या गणितांचं एकच पुस्तक बघू. नुसती उत्तरं नकोत, पायरीपायरीने सोडवून दाखवलेलं हवं."

"एकच?" युसूफभाई म्हणाले. त्यांना ते पटलं नाही. "ताई, एवढी मोठी परीक्षा, आनि एकच बुक? लोक काय म्हनतील?"

"लोक परीक्षेला बसणार नाहीयेत," मी म्हटलं. बसणारीने मान डोलावली.

तसलं पुस्तक आपल्याकडे कुठे मिळायला? मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे, जो परदेशी पुस्तकं मागवतो, मी रुबीनाने शोधलेलं नाव कळवलं. तो म्हणाला येईल. कधी येईल ते म्हणाला नाही. त्यानंतरचे दिवस मला आजही आठवायला नको वाटतात. रुबीनाचा रोज फोन. मी रोज व्यापाऱ्याला फोन. तो कधी म्हणे विमानतळावर आहे, कधी म्हणे सुटलं, कधी फोनच उचलायचा नाही. रुबीनाची अर्धी रजा संपली, मग उरलेल्यातलीही अर्धी. मधेच ती म्हणाली, "काकू, तोवर बाकीची घेऊन वाचते ना?" मी नको म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर स्वतःलाच विचारलं की, ही जोखीम मी कुणाच्या जिवावर घेतेय? माझं काय जाणार होतं? तिचं सगळं जाणार होतं. आपला हेका आणि दुसऱ्याचं आयुष्य, हे काही बरोबर नव्हे. तरी मी हेका सोडला नाही, कारण ती झाडांचं पुस्तक हातात घेईल आणि सुखाने वाचत बसेल हे मला स्वच्छ दिसत होतं.

पार्सल आलं ते गणपतीच्या तोंडावर. त्या दिवसांत पेणमध्ये माणसाला रस्ता ओलांडायची सोय नसते. मूर्तींचे टेम्पो एकामागे एक लागलेले, कारखान्यांतून हाका, दोऱ्या, प्लास्टिकचे कागद. कुरिअरवाला म्हणाला, "रोह्याला दोन दिवस तरी गाडी नाय. सगळ्या गाड्या बाप्पाला गेल्यात." दोन दिवस कुठून आणायचे? मी भाच्याला दुकानात बसवलं, पार्सल पिशवीत घातलं आणि स्टेशनवर गेले. गाडी उशिरा आली. गाडीत मी पार्सल मांडीवर धरून बसले होते आणि समोरच्या बाई विचारत होत्या, "गणपतीच का? किती फुटी?" मी म्हटलं, हो, छोटाच आहे.

रोह्याच्या काउंटरवर रुबीना आणि युसूफभाई आधीच येऊन उभे होते. तिने कागद फाडला, पुस्तक उघडलं, पानं उलटली. अजून उलटली. मग पुस्तक मिटून काउंटरवर ठेवलं.

"काय झालं गो?"

"मीटरमधलं आहे."

मला कळेना. ती म्हणाली, "या पुस्तकाच्या दोन आवृत्त्या निघतात. एक परवाना देणाऱ्यांच्या देशासाठी, फुटात. दुसरी बाहेरच्यांसाठी, मीटरमध्ये. परीक्षा फुटात आहे काकू. यातला एकही आकडा मला उपयोगाचा नाही."

व्यापाऱ्याने बाहेरच्यांना पाठवायची ती आवृत्ती पाठवली होती, आणि आता बदलून मिळायला वेळच उरला नव्हता. मी काही बोलायच्या आत ती कडाडली. एकच पुस्तक, एकच पुस्तक असा तुमचा धोशा, मी सगळं बाजूला ठेवून वाट बघत बसले, आता मी काय वाचू? तुम्हाला काय, तुमचं दुकान चालूच राहणार! युसूफभाई "रुबी, रुबी" करत होते. स्टेशनरीवाला मागच्या खोलीत निघून गेला. मला राग आला की नाही? आला. ती म्हणत होती ते खरं होतं म्हणून जास्त आला.

"झालं बोलून?" मी म्हटलं. "आता बस. आणि यातलं एक गणित सोडव."

"मीटरमधलं?"

"माझ्यासाठी सोडव. मी ते मांडीवर धरून इथवर आणलंय."

रागाच्या भरात माणूस कधी कधी ऐकतो. ती स्टुलावर बसली, पेन्सिल घेतली आणि फराफरा गणित सोडवलं. मागचं उत्तर बघितलं, बरोबर. पुढचं सोडवलं, बरोबर. मधली पानं सोडून शेवटची अवघड गणितं काढली, तीही बरोबर. तिचा हात चालूच राहिला. युसूफभाई माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. शेवटी तिने पेन्सिल ठेवली आणि हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे मला उतार येतो."

"मग तिकडे काय येत नाही?"

तिच्या बॅगेत सरावाच्या प्रश्नांचे छापलेले कागद होते, फुटातले. मी म्हटलं, आता हे मला वाचून समजाव, मोठ्याने, माझ्यासारख्या अडाण्याला समजेल असं. तिने कागद घेतला. पन्नास फूट लांबीची वाट, एका टोकाची उंची छापलेली ४६.५ आणि दुसऱ्या टोकाची ४५.८. उतार म्हणजे उंचीतला फरक भागिले लांबी, एवढं मलाही तोवर पाठ झालं होतं.

"हे टोक सेहेचाळीस फूट पाच इंच," ती वाचू लागली. "ते टोक पंचेचाळीस फूट आठ इंच. फरक नऊ इंच. नऊ इंच म्हणजे..."

आणि ती थांबली. कागदाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रडणार. मी काहीतरी धीराचं बोलणार होते, पण युसूफभाईंनी हाताने मला थांबवलं.

"पाच इंच नाही," ती म्हणाली. "साडेसेहेचाळीस फूट आहे ते. पॉइंट पाच म्हणजे अर्धा फूट. सहा इंच."

माझ्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला. आपल्याकडे मुलीच्या लग्नाच्या माहितीपत्रकात उंची लिहितात ५.२, म्हणजे पाच फूट दोन इंच. सुतार, गवंडी दाराचं माप सांगतात सहा-सहा, खिडकी चार-तीन, आणि भिंतीवर पेन्सिलीने मधे टिंब देऊन लिहून ठेवतात. फुटांनंतर टिंब आणि टिंबानंतर इंच, हे आपल्या हाताला बसलेलं. तिकडच्या नकाशांत टिंबानंतर फुटाचे दहावे भाग असतात. कॉलेजात ती मीटरमध्ये शिकली, ऑफिसात मीटरमध्ये काम केलं. फूट तिला भेटले होते ते फक्त घरी. डोकं शांत असतं तर तिनेच कुणाला हसून समजावलं असतं. पण परीक्षेत घड्याळ पळायला लागलं की आकडे घरच्या सवयीने वाचले जायचे, आणि सराव करतानाही ती घड्याळ लावूनच करायची. खरं उत्तर एक पॉइंट चार टक्के, तिचं यायचं दीड टक्का. जवळचेच आकडे, आणि परीक्षा घेणारे इतके खट की दोन्ही पर्याय समोर छापलेले. थोडंसंच चुकलेलं उत्तर माणसाला संशय येऊ देत नाही. फार चुकलं असतं तर तिने केव्हाच शोधलं असतं.

"अब्बा," ती वडिलांकडे वळून म्हणाली, "तुमची टेप."

युसूफभाई खाली बसले. ती लहान असताना ते सुट्टीवर आले की घरातलं काहीबाही दुरुस्त करायचे, आणि ही टेपचं टोक धरून आकडे मोठ्याने सांगायची. सात-चार, अब्बा. तीन-नऊ, अब्बा. वर्षानुवर्षांत बाप-लेकीला एकत्र मिळालेला वेळ तो तेवढाच.

"म्हंजे माझ्यामुलं गेला दोनदा पेपर?" ते म्हणाले.

"नाही हो अब्बा," ती म्हणाली आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. स्टेशनरीवाल्याने मागच्या खोलीतून चहा पाठवला. बिचारा इतका वेळ तिथे अडकला होता.

पण चूक सापडली म्हणजे सवय गेली असं नसतं. उरलेल्या दिवसांत तिने दुसरं काही केलं नाही. फुटांचे आकडे दिसले की आधी ते मोठ्याने वाचायचे, "सेहेचाळीस फूट आणि एका फुटाचे पाच दशांश," मग पुढे जायचं. वाचायला लांबलचक, पण तोंडाला वळण लागेपर्यंत तेच. लॅपटॉपमधली बाकीची पुस्तकं तिने माझ्यासमोर एका वेगळ्या कप्प्यात टाकली आणि बापाला सांगितलं, "परीक्षेपर्यंत मी तो कप्पा उघडला तर मला ओरडा." मी रोह्याला जायचे त्या दिवशी ती यायची आणि मी कागदावरचा कुठलाही आकडा बोट ठेवून विचारायचे. तीन वेळा विचारलं की एकदा जीभ घसरायचीच. ती घसरली की मी पुन्हा पहिल्यापासून विचारायचे. परीक्षेच्या आदल्या भेटीतसुद्धा एकदा घसरली. मी तोंडाने "काही नाही गो, होतं असं" म्हटलं आणि गाडीत बसल्यावर हात जोडले.

परीक्षा मुंबईला होती. हायवेवर गणपती करून मुंबईला परतणाऱ्या गाड्यांची रीघ, म्हणून युसूफभाईंनी तिला आदल्या दिवशीच नेलं आणि नातेवाइकांकडे ठेवलं. पेपर झाल्यावर तिचा फोन आला. "काकू, ओठ हलवून वाचत होते. तिथल्या बाई दोनदा येऊन बघून गेल्या." कसा गेला, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. निकाल काही आठवड्यांनी लागणार होता, आणि तोवर ऑफिसने रजा वाढवून दिली होती. त्या काळात ती काउंटरवर आली नाही. मी रोह्याला जायचे, पुस्तकं विकायचे आणि दर वेळी दाराशी सावली पडली की वर बघायचे.

वाट बघण्याच्या त्या दिवसांत मला माझ्या धंद्याचं एक नवंच तोंड दिसलं. इतकी वर्षं मी पुस्तकं विकली, पास झालेल्यांच्या बातम्या अभिमानाने सांगितल्या. माझ्याकडून गाइड नेलेली पोरं नवी मुंबईत आहेत, पुण्यात आहेत, दिल्लीला आहेत. त्यातली पेणमध्ये किती आहेत? रोह्यात किती? जी नापास झाली ती इथे भेटतात, भाजी घेताना, स्टँडवर. मी यशस्वी दुकानदार होते, म्हणजे मी गाव रिकामं करत होते की काय?

मग एका सकाळी पेणच्या दुकानात युसूफभाई आले. एकटेच. हातात मिठाईचा पुडा. मी काउंटरच्या बाहेर आले.

"पास झाली ताई," ते म्हणाले. "ऑफिसचा पन फोन आला. जागा कायम. पुढच्या आठवड्यात जाते."

मला इतका आनंद झाला की मी भाच्याला विनाकारण ओरडले, चहा सांग म्हणून, उभा काय राहिलास म्हणून. युसूफभाई स्टुलावर बसले. पुडा त्यांनी मांडीवरच ठेवला होता, द्यायचं विसरले होते.

"तुम्हाला आनंद नाही झाला?" मी विचारलं.

"झाला की. का नाय होनार?" ते म्हणाले. मग रस्त्याकडे तोंड करून बोलायला लागले. "पेपर चालू होता तेव्हा मी बाहेर होतो. बाजूला मशीद हाय, तिथं जाऊन बसलो. हात वर केले, आनि शब्दच येईना ताई. पास होऊ दे म्हनावं, तर ती जाते. मी तिकडं काय काढलंय ते मला माहीत हाय. घरात कोन आजारी, कोन मेलं, सगळं फोनवर. आनि नापास होऊ दे म्हनावं, तर बाप कसला मी? नुसता बसलो हात वर करून."

चहा आला. मी कप त्यांच्यापुढे सरकवला.

"मग शेवटी काय मागितलंत?" मी विचारलं.

"काय नाय," युसूफभाई म्हणाले. "म्हटलं, आत बसलीय, तिला घाबरू देऊ नको. बाकीचा तू बघ."

त्यांनी पुडा उघडून माझ्यापुढे धरला.